‘आमच्या काळी सगळेच अनवाणी होते’ हे अर्धसत्य आता पुरे!

आमच्या कुरुंद्यातच कशाला, वसमत तालुक्यातल्या कोणत्याही गावात आता दहावीच्या बॅचचे व्हॉट्सॲप ग्रुप झाले आहेत. पन्नाशीकडे झुकलेली मंडळी त्यावर जुन्या आठवणी टाकतात. कोणी बेलबॉटमचा फोटो टाकतो, कोणी टेरिकॉटच्या शर्टाचा, कोणी ‘मैंने प्यार किया’तल्या त्या ‘फ्रेंड’ लिहिलेल्या टोपीचा. मग विषय चपलेवर येतो. स्लिपरचा पट्टा सुटला की खाली सेफ्टी पिन लावायची, पाऊस पडला की प्लॅस्टिकचे बूट घालायचे, टायरच्या सोलची चप्पल दोन-दोन वर्षे चालायची. आणि या सगळ्याच्या शेवटी एक वाक्य हमखास येते. ‘तेव्हा पायात चप्पल नव्हती, पण माणसामाणसात भेद नव्हता. सगळे सारखेच अनवाणी होतो.’ त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते. दुःखाची गोष्ट म्हणजे त्या रांगेत आपलेही लोक असतात.

मित्रांनो, हे वाक्य वाचायला गोड आहे, पण ते खोटे आहे. जातीला गरिबीच्या पोटात लपवून पुसून टाकणारे वाक्य आहे ते. म्हणून त्याचा समाचार घेणे गरजेचे आहे.

हातात चप्पल घेण्याची दोन कारणे

आधी जे खरे आहे ते मान्य करू. मराठवाडा गरीब होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, पुढे १९७२ च्या दुष्काळाने लोकांना खडी फोडायला लावली. कुणब्याचे पोरही अनवाणी शाळेत जात होते, धनगराचेही जात होते. एका चपलेत तीन भाऊ वापरत होते. वसमतच्या बाजाराला जाणारा माणूस नवी चप्पल झिजू नये म्हणून ती हातात घेऊन चालत होता आणि गाव जवळ आले की पायात घालत होता. हे सगळे खरे आहे, याबद्दल वाद नाही.

पण माझा आजाही चप्पल हातात घेत होता. फरक एवढाच की तो ती झिजू नये म्हणून घेत नव्हता. वाड्यासमोरचा रस्ता आला की तो पायताण काढायचा, हातात घ्यायचा, मान खाली घालायचा आणि वाडा मागे पडला की पुन्हा पायात घालायचा. ते त्याच्या अंगवळणी इतके पडले होते की वाड्यातली माणसे शहरात निघून गेली, वाड्याची भिंत पडली, तरी त्या वळणावर त्याचे पाय थबकायचे. 

आता लांबून पाहणाऱ्याला दोन्ही माणसे सारखीच दिसतील. दोघेही अनवाणी, दोघांच्याही हातात चप्पल. पण पहिला आपल्या पैशाची काळजी करतो आणि दुसरा आपल्या पाठीची काळजी करतो. पहिल्याने चप्पल घातली तर चप्पल झिजेल, दुसऱ्याने घातली तर त्याच्या पाठीवर काठी बसेल. पहिल्याकडे पैसे आले की प्रश्न संपतो, दुसऱ्याकडे पैसे आले की प्रश्न सुरू होतो. ‘सगळेच अनवाणी होतो’ म्हणणाऱ्याला हा फरक दिसत नाही, कारण त्याला कधी त्या वळणावरून जावे लागले नाही.

‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण आपल्या भाषेत उगाच तयार झालेली नाही. ती बाईसाठी वापरली जाते आणि आपल्यासाठीही वापरली जाते. ज्या समाजाने माणसालाच वहाण मानले, त्या समाजात वहाणेने वहाण घालणे हा गुन्हा ठरला तर नवल काय?

हा नियम कुठून आला?

काही जण म्हणतील की हे एखाद्या पाटलाच्या डोक्यातले खूळ होते. नाही. याला ग्रंथाचा आधार आहे. नरहर कुरुंदकरांचे आडनाव आमच्या कुरुंद्याच्या नावावरून आलेले, आणि याच कुरुंदकरांनी मनुस्मृतीची चिकित्सा केली आहे. तेव्हा निदान आमच्या गावाने तरी मनू काय म्हणतो ते माहीत करून घ्यायला हवे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात बावन्नावा श्लोक आहे. चांडाळांची वस्त्रे कोणती, तर प्रेतावरची. भांडी कोणती, तर फुटकी. दागिने कोणते, तर लोखंडाचे. त्याच अध्यायात पुढे शूद्राला काय द्यावे याची यादी आहे. उष्टे अन्न द्यावे आणि जुनी, झिजलेली वस्त्रे द्यावीत.

आता जरा आपल्या आज्यांना आठवा. सणाला वाड्यातून मिळणारे जुनेर आठवा. दोन फाटक्या लुगड्यांचे धड भाग जोडून, मध्ये दंड घालून नेसलेले लुगडे आठवा. कथलाचे, जस्ताचे वाळे आठवा. ग्रुपवर याला ‘जुन्या काळचे दागिने’, ‘पारंपरिक वेशभूषा’ म्हणतात आणि गॅदरिंगला नातींना तशी नटवतात. ही परंपरा आमच्या आज्यांनी निवडलेली नव्हती. दुरून येणारी बाई कोण आहे हे न विचारता कळावे, म्हणून ठरवून दिलेला तो गणवेश होता.

म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळल्यावर बाबासाहेबांनी तिथे जमलेल्या आयाबहिणींशी कपड्यांवर बोलणे महत्त्वाचे मानले. एवढा मोठा विद्वान, एवढा मोठा संघर्ष पेटलेला, आणि तो लुगडे कसे नेसावे यावर का बोलतो? कारण त्यांना माहीत होते की जात कागदावर नंतर येते, अंगावर आधी दिसते. गुडघ्यापर्यंतचे लुगडे सोडा, घोट्यापर्यंत नेसा. अंगभर लादलेले कथलाचे दागिने टाका. कपडा फाटका असला तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या. हा त्या भाषणाचा आशय होता. आणि आपल्या आज्यांनी परिषदेतच नेसण्याची पद्धत बदलली. कोणत्याही फॅशन मासिकाने याची दखल घेतली नाही, पण महाराष्ट्राच्या इतिहासातली सर्वात मोठी फॅशन क्रांती कोणती असे मला विचारले तर मी महाडचे नाव घेईन.

समोरचा पक्षही हे ओळखून होता. महाडनंतर आठवडाभरात, ४ जानेवारी १९२८ रोजी टाइम्स ऑफ इंडियात इंदूर भागातली बातमी आली. तिथल्या अनेक गावांत सवर्णांनी बलाई जातीच्या लोकांना फर्मान काढले. जरीकाठी पगडी बांधायची नाही, रंगीत किनारीचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. बलाईंनी नकार दिला तेव्हा त्यांचे पाणी तोडले गेले, त्यांना घरेदारे सोडून जावे लागले. बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये हे प्रकरण मांडले आहे. ते पुन्हा वाचा. त्यातला एकही बलाई गरिबीमुळे साधे धोतर नेसत नव्हता. तो जरीची पगडी घेऊ शकत होता, हेच तर गावाला सलत होते.

मसूर स्टेशनवरचे नवे बूट

चपला-बुटांच्या आठवणीच काढायच्या तर आपल्या बापाची आठवण काढू.

१९०१ साल. भिवा नऊ-दहा वर्षांचा. वडील रामजी गोरेगावला नोकरीवर, मुले साताऱ्याला. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांनी बोलावले म्हणून पोरांचा आनंद मावेना. प्रवासासाठी नवे कपडे शिवले, चमकदार टोप्या घेतल्या, रेशीमकाठी धोतरे घेतली, नवे बूट घेतले. कोणत्याही पोराची असते तशीच ही आठवण आहे. पोरे नटूनथटून मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणी आले नाही. स्टेशनमास्तरला वाटले की ही ब्राह्मणाची मुले आहेत. तो आपुलकीने बोलला. मग त्याने जात विचारली. पोराने खरे सांगितले, आणि मास्तर पाच पावले मागे सरल्यासारखा झाला. पुढे पैसे असूनही गाडीवान मिळेना, तहान लागली तर रात्रभर पाणी मिळाले नाही.

ही कथा आपल्याला पाण्याची कथा म्हणून माहीत आहे. पण ती बुटांचीही कथा आहे. नव्या बुटांनी काही मिनिटे त्या पोरांना माणूस बनवले, आणि जातीच्या एका शब्दाने ते माणूसपण काढून घेतले. पायात बूट होते, खिशात पैसे होते, अंगात स्वच्छ सदरा होता. मग कमी काय होते? ‘सगळे सारखेच गरीब होतो’ म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

आणि हीच कथा आपल्या आजच्या पोरांनाही काही सांगते. त्यावर पुढे येतो.

‘सरकारचे जावई’

आमच्या वस्तीत नवे कपडे दिवाळीला येत नसत. ते येत चौदा एप्रिलला. वर्षाचा एकच जोड. बाप हळदीच्या कामावर जायचा, आई निंदायला, आणि त्यातून वाचवलेल्या पैशाचा पांढरा शर्ट आणि जमलेच तर कॅनव्हासचे बूट. जयंती झाली की तेच बूट जूनमध्ये शाळेत. आणि शाळेत पहिल्याच दिवशी एका गुरुजींनी सगळ्या वर्गासमोर विचारले, ‘काय रे, स्कॉलरशिपचे बूट का? सरकारचे जावई तुम्ही, मजा आहे बुवा.’ वर्ग हसला. त्या वर्गात मोठ्या शेतकऱ्याच्या पोराच्या पायात माझ्यापेक्षा महाग बूट होते. त्याला कोणी विचारले नाही की हे कुठून आले.

आज त्याच वर्गातली मंडळी ग्रुपवर लिहितात की भेद नव्हता. ते मुद्दाम खोटे बोलतात असे मी म्हणत नाही. त्यांना ते वाक्य आठवतच नसेल. हसणाऱ्याला हसणे आठवत नाही, ज्याच्यावर हसले जाते त्याला ते आठवते. म्हणून आठवणींचा इतिहास फक्त त्यांच्याकडून लिहून घेऊ नका.

त्याआधीची पिढी तर आणखी सोसून गेली. आमचे काका, मामा हे बेलबॉटमच्या काळातले. गावातून नांदेड, औरंगाबादला शिकायला गेले. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयाने मराठवाड्यातल्या कितीतरी पोरांच्या अंगावर पहिल्यांदा इस्त्रीचा शर्ट आणि हातात पुस्तक दिले. केस वाढवलेली, कॉलर लांब असलेली ही पोरे सुट्टीत गावी आली की गावाच्या डोळ्यांत खुपायची. ‘लई साहेब झाला का’ हा प्रश्न त्यांना पारावरून विचारला जायचा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांना मारले. तो राग फक्त विद्यापीठाच्या पाटीवरच्या नावाचा होता का? ज्यांना विद्यापीठाचे तोंडही पाहायचे नव्हते तेही कुऱ्हाडी घेऊन का आले? बेलबॉटम घालून ताठ चालणारे पोर, त्याची नोकरी, त्याच्या घरावरचा पत्रा, हे सगळे त्या रागात होते. ज्याला तुम्ही सत्तरच्या दशकाची मजेदार फॅशन म्हणता, तिची किंमत आमच्या लोकांनी अशी मोजली आहे.

‘सूट ही साहेबाची नक्कल’ म्हणणाऱ्यांना

आणखी एक जुना आरोप आहे. गांधी पंचा नेसले आणि आंबेडकर सुटाबुटात राहिले, म्हणून गांधी जनतेचे आणि आंबेडकर इंग्रजाळलेले. आजही काही पुरोगामी मित्र हे थोड्या सभ्य भाषेत सांगतात.

याचे उत्तर सोपे आहे. गांधींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला कपडे कमी केले, तो त्याग ठरला, कारण त्यांच्याकडे सोडण्यासारखे काही होते. ज्याला पिढ्यान् पिढ्या अर्धे अंग झाकू दिले नाही, त्याने पंचा नेसला तर त्याला त्याग कोण म्हणेल? गाव म्हणेल, ठीक आहे, आपल्या जागेवर आहे. आमच्यासाठी साधेपणा ही शिक्षा होती आणि नीटनेटकेपणा हे बंड होते. म्हणून आपल्या वस्तीतला पुतळा कोट, टाय आणि बुटात उभा आहे. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोक शुभ्र कपडे घालून जमले, तेही याच कारणाने. ज्यांना प्रेतावरची वस्त्रे नेमून दिली होती, त्यांनी स्वतःसाठी स्वच्छ पांढरे वस्त्र निवडले.

कोल्हापुरीचा अभिमान कोणाचा?

जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. महाराष्ट्राची अस्मिता एका रात्रीत जागी झाली. ‘आमची कोल्हापुरी चोरली’ म्हणून सगळे ओरडले. ओरड झाल्यावर कंपनीने प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे मान्य केले. हे चांगलेच झाले. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. हक्क मागितलाच पाहिजे.

पण ‘आमची’ म्हणजे कोणाची? मेलेले जनावर कोणी ओढले? महाराने. कातडे कोणी कमावले? ढोराने. चप्पल कोणी शिवली? चर्मकाराने. आणि ती करकर वाजवत मिरवली कोणी? कातडे हाताळणारा विटाळला, शिवणारा विटाळला, आणि तेच कातडे पायात घालणारा मात्र शुद्ध राहिला. ज्यांच्या कष्टातून गावाला पायताण मिळाले, त्यांच्याच पायातून ते काढायला लावले. ११ जुलै २०१६ ला गुजरातमध्ये उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या भावांना अर्धनग्न करून मारले, तेव्हा प्राडासाठी जागी झालेली ही अस्मिता कुठे होती? चपलेचा अभिमान बाळगायचा असेल तर आधी शिवणाऱ्या हाताचा सन्मान करा, त्याला दाम द्या, त्याच्या घरी पाणी प्या. ते जमत नसेल तर अस्मितेचे ढोल वाजवू नका.

‘पण आता कुठे असे आहे?’

हा शेवटचा बचाव असतो. जुने झाले ते, आता कशाला उकरता? 

तर मग कायदा उघडा. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. संसदेने त्यात दुरुस्ती केली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. त्यातल्या कलम ३(१) च्या ‘झेड-ए’ खंडात गुन्हा म्हणून काय लिहिले आहे? सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यास, पादत्राणे किंवा नवे कपडे घालण्यास, वरात काढण्यास, वरातीत घोड्यावर बसण्यास अटकाव करणे. नीट वाचा. पादत्राणे आणि नवे कपडे. एकविसाव्या शतकातल्या संसदेला हे शब्द कायद्यात घालावे लागले. हे होतच नसते तर संसदेने हे शब्द कशासाठी लिहिले असते?

डिसेंबर २०२३ मध्ये तमिळनाडूच्या तिरुप्पूर जिल्ह्यात राजावूर गावी साठेक दलित बांधव चप्पल घालून सवर्णांच्या गल्लीतून चालत गेले, आणि ती देशभर बातमी झाली. कारण तोपर्यंत त्या गल्लीत त्यांना चप्पल घालून जाता येत नव्हते. चप्पल घालून चालणे ही बातमी होते, असा हा देश आहे.

आणि आपल्या शेजारी? बोंढार हवेली कुरुंद्यापासून किती लांब आहे? १ जून २०२३ ला तिथे अक्षय भालेरावचा खून झाला. गावात भीमजयंती काढल्याचा राग धरून मारले, अशी तक्रार त्याच्या कुटुंबाने दिली. जयंती म्हणजे आपला नवे कपडे घालून ताठ मानेने रस्त्यावर चालण्याचा दिवस. जे चालणे आजोबांना वाड्यासमोर नाकारले होते, तेच नातवाला गावाच्या रस्त्यावर नाकारले जाते. मग सांगा, जुने काय झाले?

आता आपल्या पोरांना

मी मसूरच्या बुटांवर परत येतो असे म्हणालो होतो.

तरुण मित्रांनो, तुम्ही ब्रँडेड बूट घाला, गॉगल लावा, केस हवे तसे कापा. कोणी ‘लई उडतोय’ म्हटले तर मान खाली घालू नका. नटणे हा तुमचा हक्क आहे आणि तो रक्त सांडून मिळवलेला आहे. पण एक लक्षात ठेवा. बुटांनी जात जात नाही. बाबासाहेबांच्या पायातही नवे बूट होते, तरी मास्तर मागे सरला. पुढे त्याच व्यवस्थेला ज्याने संविधानाच्या चौकटीत उभे केले, तो बुटांच्या नव्हे तर अभ्यासाच्या आणि संघटनेच्या बळावर. फायनान्सवर बूट घेऊन, हप्ते थकवून, सावकाराच्या दारात उभे राहणार असाल तर वाडा फक्त बदलला, पायताण पुन्हा हातातच आले. बूट घाला, पण ते बूट अभ्यासिकेच्या दिशेने, ग्रामसभेच्या दिशेने, आणि वेळ पडली तर फिर्याद द्यायला पोलीस ठाण्याच्या दिशेने चालू द्या.

आणि एक काम आजच करा. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, तुम्ही पहिली चप्पल कधी घातली? कुठे काढावी लागायची? नवे लुगडे पहिल्यांदा कधी नेसलात, तेव्हा गाव काय म्हणाले? मोबाईल आहे तुमच्या हातात, बोलणे रेकॉर्ड करा, लिहून ठेवा. ही माणसे आता दहा वर्षे नाहीत. ती गेली की ‘सगळेच अनवाणी होतो’ हेच वाक्य इतिहास म्हणून उरेल, आणि तुमची मुले त्याला अंगठा दाखवतील.

ग्रुपवर पुन्हा ते वाक्य आले तर भांडू नका, शिव्या देऊ नका. फक्त एवढे विचारा: भाऊ, तुमच्या आजोबांनी चप्पल हातात घेतली असेल, पण कोणाच्या दारासमोर?

जयभीम!